पाठीवरचा शब्द

आई, परवा आमच्या कंपनीत एक खेळ घेतला आणि तेव्हापासून तुझ्याशी भांडायचं मनात आहे. तू जाऊन दहा वर्षं होत आली. एवढ्या उशिरा भांडायला आलेली मुलगी बघून तू हसली असतीस. पण तू समोर असताना मला ते कधी जमलं नाही, आणि जमणार नाही हे तुला ठाऊक होतं. त्याच भरवशावर तू होतीस, असं मला आता वाटतं.

कंपनी म्हणजे बडोद्याबाहेर पादरा गावाच्या रस्त्यावरचा तोच औषधांचा कारखाना. मी अजून तिथेच आहे, प्रयोगशाळेत. वरच्या ऑफिसने बाहेरून एक ट्रेनर बोलावली होती. पंचविशीची मुलगी, गळ्यात बिल्ला, हातात माइक. कँटीनमधली टेबलं भिंतीला सरकवून तिने आम्हा तीस जणांना गोलात उभं केलं आणि सांगितलं, प्रत्येकाने आपलं नाव घ्यायचं आणि नावाआधी स्वतःला शोभेल असं एक विशेषण लावायचं. पॅकिंगमधला एक जण 'डॅशिंग' म्हणाला. स्टोअरचे काका, ज्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलंय, ते लाजत 'एव्हरग्रीन' म्हणाले आणि टाळ्या पडल्या. माझी पाळी आली. मला एकच शब्द आठवत होता, तुझ्या अक्षरातला, आणि तो काही मोठ्याने म्हणता येणार नव्हता. ट्रेनर गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, कुछ भी बोलिए. जो सच है वही." तीस माणसं माझ्याकडे बघत होती. शेवटी माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी बाई मदतीला आली. "बेन तो सायलेंट छे!" सगळे हसले. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. मीही हसले, पाणी पिऊन येते म्हणून बाहेर पडले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत आत गेले नाही.

त्यांना वाटलं, बेन लाजल्या. बेचाळीस वर्षांची बाई एका शब्दासाठी कशाला लाजेल?

शाळेत तुला आई म्हणायचं नाही, हा नियम तू मला पहिलीत जायच्या आदल्या दिवशी सांगितलास. घडियाळी पोळातल्या, बडोद्याच्या त्या जुन्या गल्लीतल्या, आपल्या दोन खोल्यांतून आपण बरोबर निघायचो. पोळाच्या तोंडाशी दुधाचं दुकान होतं, तिथे आलं की तू माझा हात सोडायचीस. तिथून पुढे तू बाई, आणि मी तुझ्यामागे दहा पावलं. पहिले काही दिवस मी दुकान यायच्या आधीच तुझा हात घट्ट धरायचे, म्हणजे सोडायला थोडा वेळ लागेल. दुधवाला रोज म्हणायचा, "बेन, छोकरी पाछळ रही गई!" तू मागे न बघता सांगायचीस, "एने आवडे छे." म्हणजे, तिला येतं सगळं. मला येत होतंच. वर्गात हात वर करून मी "बाई, मी सांगू?" म्हणायचे, आणि तू आधी इतर सगळ्यांकडे बघून, दुसरा कोणीच हात वर करत नसेल तर माझ्याकडे यायचीस.

खेळ तू सुंदर घ्यायचीस. ते नाकारून मला माझं भांडण सोपं करायचं नाहीये. शनिवारी शेवटच्या तासाला बाकं मागे ढकलायची, गोल करून खाली बसायचं, आणि तू मध्ये उभी, हातात डस्टरसुद्धा नाही. अजूनही मला तो तास दिसतो. तू म्हणतेस, "एका गावात एक कोल्हा होता. कसा होता?" आणि टाळी वाजवतेस. तीन टाळ्यांच्या आत ज्याच्यावर नजर जाईल त्याने विशेषण द्यायचं.

"भुकेला!"

"भुकेला तर तूही आहेस, मधल्या सुट्टीतला डबा मधल्या सुट्टीच्या आधीच संपवतोस. पुढे!"

"बाई, जाडा!"

"भुकेला आणि जाडा? दोन्ही कसं काय रे? गोष्टीत बसव."

"बाई, तो... लग्नात जेवून आला. पण त्याला पंक्तीत शेवटी बसवलं, तर श्रीखंड संपलं."

एकदा एक मुलगा म्हणाला, "बाई, डाह्यो कोल्हा." बाहेर सगळी गुजराती, घरी अर्धी, त्यामुळे आमच्या तोंडात असे शब्द यायचेच. तू रागावली नाहीस. "डाह्यो म्हणजे कसा? मराठीत सांग." तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला आणि म्हणाला, "डाह्यो म्हणजे, बाई, ज्याला मम्मी मारत नाही तो." वर्ग लोळला. तूही पदर तोंडाला लावून हसलीस. मग फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिलेस, डाह्यो आणि गुणी, आणि त्या मुलाकडून गुणी कोल्ह्याची गोष्ट पुरी करून घेतलीस. त्या मुलाला पुढे मराठी कधी अवघड गेलं नसेल. मी आजही कुठला पदार्थ भिंगाखाली धरून 'पांढरा, स्फटिकरूप, चमकदार' असं नोंदवहीत लिहिते, तेव्हा डोळ्यांना दिसेल तोच शब्द लिहायचा ही सवय तुझीच. तू सांगायचीस, शब्द गोड नको, खरा हवा. आईला 'प्रेमळ' आणि गाईला 'गरीब' लिहिणाऱ्यांच्या वह्या तू परत द्यायचीस. "तुझी आई कशी आहे ते लिही. सगळ्यांची आई कशी असते ते मला माहीत आहे."

मी त्या निबंधात तुझ्याबद्दल काय लिहिलं होतं ते तू कधी वाचलं नाहीस. माझी वही त्या दिवशी तू शेजारच्या वर्गाच्या बाईंना तपासायला दिलीस. मी लिहिलं होतं, माझी आई ताठ आहे. त्या बाईंनी त्याच्याखाली लाल रेघ ओढून 'प्रेमळ' लिहिलं.

चौथीत मी होते तेव्हा शाळेचे दिवस उतरायला लागले होते. बडोद्यात चहूकडे इंग्रजी शाळा निघत होत्या, पिवळ्या बसगाड्या पोळाच्या तोंडाशी येऊन भोंगे वाजवायच्या. रिफायनरीत, रेल्वेत, कारखान्यांत नोकरीला आलेल्या आपल्याच लोकांनी मुलांची नावं काढून तिकडे घालायला सुरुवात केली होती. दर महिन्याला एखादा दाखला जायचा. तू संध्याकाळी बाबांना सांगायचीस, "आज आणखी एक गेला," जसं कोणी वारल्याचं सांगावं. वर्ग मोडला तर तुला दुसरीकडे कुठे पाठवतील, पाठवतील तरी का, हे कोणालाच माहीत नव्हतं. हे सगळं मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. तुझ्या बाजूचं जेवढं आहे तेवढं मी मांडतेय.

त्यात सहामाहीला माझा पहिला नंबर आला. दुसऱ्या बाईंनी तपासलेल्या पेपरांवर आला. तरी निकालाच्या दिवशी फाटकापाशी एक गृहस्थ, वर्गातल्या एका मुलाचे वडील, दुसऱ्याला हसून म्हणाले, "अहो, बाईंच्या मुलीचा पहिला नंबर नाही येणार तर काय तुमच्या-आमच्या पोरांचा?" आपण दोघी मागेच होतो. तू न थांबता पुढे गेलीस. दुधाच्या दुकानापाशी माझा हात धरायचा असतो परतताना, तो त्या दिवशी तू धरला नाहीस. रात्री जेवताना एकच वाक्य बोललीस, बाबांकडे बघून. "माझ्यावर पक्षपाताचा आळ आला, तर राहिलेली पोरंही जातील."

आणि मग पालकसभा आली. पालकांना बोलावून दाखवायचं होतं की मराठी शाळेतही मुलं हसतखेळत शिकतात. मुख्याध्यापकांनी तुझ्यावर सोपवलं, कारण तसं शिकवणारी तू एकटीच होतीस. तू 'पाठीवरचा शब्द' घ्यायचं ठरवलंस. जुन्या कॅलेंडरांचे तुकडे कापलेस, मागच्या कोऱ्या बाजूला जाड शाईने विशेषणं लिहिलीस. खेळ सोपा. एका मुलाच्या पाठीला टाचणीने शब्द लावायचा, त्याने गोल फिरून तो सगळ्यांना दाखवायचा, आणि मग बाकीच्यांनी त्याच्यावरून एक गोष्ट रचायची, प्रत्येकाने एकेक वाक्य. गोष्टीत तो मुलगा त्या शब्दासारखा वागला पाहिजे, पण शब्द उच्चारायचा नाही. त्याने ऐकून आपला शब्द ओळखायचा. आदल्या दिवशी तू जमिनीवर बसून शब्द लिहीत होतीस आणि मी पाटावर बसून तांदूळ निवडत होते. मी विचारलं, "माझा कोणता?" तू तुकड्यांवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "उद्या कळेल." मी तांदूळ निवडता निवडता तर्क करत राहिले. त्या संध्याकाळइतकं मी पुढे कशाचीच वाट पाहिली नाही, परीक्षेच्या निकालाचीसुद्धा नाही.

हॉल भरला होता. खुर्च्यांवर आया, मागे वडील उभे. आधी एका मुलाला 'धीट' मिळाला. "हा अंधारात एकटा गच्चीवर गेला... तिथे मांजर होतं, त्याला हा म्हणाला, चल हट..." त्याने लगेच ओळखलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या एकाला 'वेंधळा'. "हा शाळेत आला, दप्तर घरी राहिलं. दप्तर आणायला गेला, शाळेचा रस्ता विसरला..." त्याची आईच सगळ्यांत मोठ्याने हसली. मग तू माझं नाव घेतलंस. माझ्या पाठीला टाचणी लावताना तुझं बोट जरा टोचलं आणि मला बरं वाटलं, कारण शाळेत तू मला हात लावायची नाहीस. मी गोल फिरले. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"एकदा हिला शेवउसळ आणायला पाठवली."

"दुकानदार म्हणाला, वर तिखट तरी घालू का? ही विचार करत बसली."

"तोपर्यंत मागचे सगळे घेऊन गेले."

"ही अजून विचार करतेय. दुकानदाराने शटर ओढलं!"

"दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर ही तिथेच. म्हणाली, हं, घाला!"

हॉल हसत होता. मीही हसत होते, कारण मला वाटत होतं की हे लोक मुद्दाम अवघड करताहेत. मी म्हणाले, "शांत?" हशा. "विचारी?" आणखी हशा. तुझ्याकडे बघितलं. तू समोर बघत होतीस, पालकांकडे. मी म्हणाले, "सावकाश?" आणि मग, तुझ्याकडून दुसरं काही असूच शकत नाही असं वाटून, "हुशार?" तेव्हा मात्र ते मागे उभे असलेले वडीलही हसले, तेच फाटकापाशी बोललेले. "हरली!" मुलं ओरडली. तू पाठीवरचा तुकडा काढून माझ्या हातात दिलास. मठ्ठ. ठकाराला ठकार जोडलेला, गोल, सुंदर, फळ्यावर काढतेस तसा.

मुख्याध्यापक नंतर चहाच्या वेळी सगळ्यांना सांगत होते, "बघा, बाईंनी स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही." त्या गृहस्थांनी तुला नमस्कार केला. त्या महिन्यात एकही दाखला गेला नाही. हे सगळं खरं आहे आणि मी ते मान्य करते.

घरी आल्यावर तू कणीक मळत होतीस, बाबा दाराशी बुटांच्या नाड्या सोडत होते. मी विचारलं, "ते खरं आहे का?"

"काय?"

"मी मठ्ठ आहे ते."

"खेळ होता तो."

"तूच म्हणतेस ना, शब्द खरा हवा."

तू कणकेला एक ठोसा मारलास. "हे बघ, कोणाला तरी तो द्यायचाच होता. दुसऱ्याच्या मुलीला दिला असता तर तिचे आईबाप भांडायला आले असते. तुझे कोण येणार आहेत?"

बाबा म्हणाले, "अगं, पण स्वतःच्या मुलीला असं..."

"मुलगी घरी. वर्गात ती पटावरचा एकविसावा नंबर." आणि मग माझ्याकडे वळून, कणकेचे हात पुढे धरून, "जा, हातपाय धुऊन ये. एवढ्याशा शब्दाने माणूस झिजत नाही."

मी हातपाय धुऊन आले. आता सांगते, झिजतो. सातवीपर्यंत मी वर्गात मठ्ठ होते. कोणी रागाने म्हणत नव्हतं, ते माझं नावच झालं होतं. पोळातल्या गुजराती मुलींनी त्याचं ठोठ केलं. लंगडी खेळताना, "ए ठोठ, तारो दाव!" मी हात वर करणं सोडलं. उत्तर येत असलं तरी मनात दोनदा तपासून बघायचे, तोवर दुसऱ्याने सांगितलेलं असायचं, आणि मग मला वाटायचं की हे शेवउसळीसारखंच झालं की, ती मुलं बरोबरच बोलत होती. तू लिहिलंस तेव्हा तो शब्द खोटा होता. तो खरा करायला मला तीन वर्षं लागली. तू वर्गात रोज समोर उभी होतीस. एकदा तरी फळ्यावरचं पुसून टाकतात तसा तो पुसून टाकायचास. तू शिक्षिका होतीस, तुला पुसणं येत होतं.

पुढे मी रसायनशास्त्र घेतलं, कारण तिथे बोलावं लागत नाही. नोकरी लागली, लग्न झालं, वासणा भागात घर झालं. तुझ्या निवृत्तीनंतर दोन वर्षांत शाळा बंदच झाली, एवढं करूनही. इथल्या मराठी मंडळाने तुझा सत्कार केला आणि तुझ्या खेळांची छोटी पुस्तिका छापली. पहिली प्रत तू मला दिलीस, 'चि. सौ.' लिहून, खाली 'आई' अशी सही. माझ्याकडे तुझ्या हाताने 'आई' लिहिलेला तेवढाच कागद आहे. 'पाठीवरचा शब्द' या खेळाच्या खाली टीप होती: शिक्षकाने निःपक्षपाती असावे; प्रस्तुत लेखिकेने या खेळात स्वतःच्या मुलीलाही सूट दिली नाही. मी ती रिक्षात वाचली. तू शेजारी बसून हारातली फुलं माझ्या लेकीच्या केसांत खोचत होतीस आणि विचारत होतीस, "छपाई बरी आहे ना गं?" मी म्हणाले, "छान आहे."

बाबा गेल्यावर तू आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर राहायला आलीस आणि शनिवारचा गोल पुन्हा सुरू केलास. सोसायटीतली आठ-नऊ मुलं, इंग्रजी शाळांतली, मराठी दोनतीनच. माझी लेक तेव्हा सात वर्षांची. तू मऊ झाली होतीस. मुलं काहीही बोलायची. "आजी, कोल्हा कूल हतो." "कूल म्हणजे थंड. फ्रीजमध्ये ठेवला होता का?" सगळी खिदळायची. मी सरबताचा ट्रे घेऊन आत आले तेव्हा माझी लेक मध्ये उभी होती आणि तिच्या पाठीला कागद होता. माझी पावलं दारातच थांबली. आज मी बोलणार, असं मी त्या दारात ठरवलं. ट्रे ठेवायचा, कागद फाडायचा आणि सगळ्यांसमोर बोलायचं. मुलं सांगत होती, "एक छोकरी हती, एने आजी रोज बे आइस्क्रीम आपे..." "आणि दुसऱ्यांना एकच!" "तिने फुलदाणी तोडली, तो भी आजी बोली, कोई बात नहीं..." लेक ओरडली, "लकी? चीटर?" आणि मग टुणकन उडी मारून, "लाडकी!" ती वळली तेव्हा मला कागद दिसला. लाडकी.

मुलं भांडायला लागली, "आजी, आ तो चीटिंग छे, ए तमारी छे एटले!" आणि तू, माझी आई, हसत हसत म्हणालीस, "आहेच माझी. मग? खरं होतं ते लिहिलं."

मुलं गेल्यावर तू ओट्यापाशी पेले विसळत होतीस. मी म्हणाले, "तिला लाडकी दिलंस."

"हो. का गं?"

"मला का नव्हतं दिलंस?"

तुला आठवायला वेळ लागला. खरंच लागला, तू नाटक करत नव्हतीस. मग म्हणालीस, "अगोबाई! ते पालकसभेचं? अगं, समोर सगळे आईबाप बसलेले. तुला लाडकी म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी चार दाखले गेले असते. आता कोण बसलंय बघायला?" आणि ओल्या हाताने माझ्या गालावर चापटी मारून म्हणालीस, "इतकी वर्षं धरून बसलीस? खरंच मठ्ठ आहेस बाई."

तू हसत होतीस. ते मायेने म्हणालीस हे मला तेव्हाही कळलं. कळून मी काय करायचं होतं?

मी पेले पुसून फडताळात लावले आणि वर निघून गेले. पुढच्या शनिवारी लेकीला स्केटिंगला घातलं. तिला स्केटिंग आवडत नव्हतं, ती दर शनिवारी रडत जायची. तू फोन करायचीस. "पोरीला पाठव गं, मुलं विचारतात." "आई, क्लास आहे." "मग रविवारी ये तिला घेऊन." "परीक्षा आहे." दोन मजल्यांचं अंतर. चारदा-पाचदा विचारलंस, मग विचारायची थांबलीस. मुलंही पांगली. कारण काय ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी दुपारी झोपेत गेलीस. लेक तुझ्याकडे पाच महिने गेली नव्हती. ती आता कॉलेजात आहे. मध्ये एकदा म्हणाली, "आजी शेवटी शेवटी मला बोलवायची नाही ना, कंटाळली होती का?" मी म्हणाले, "तब्येत बरी नव्हती तिची."

हे पत्र मी लॅबच्या जुन्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय. पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी पाठवलं नसतं. वही रद्दीत जाण्याआधी पानं काढून फाडीन. पण भांडायला आले आहे तर माझ्या बाजूचं एक लपवून परत जाणं बरोबर नाही.

तू गेलीस त्या संध्याकाळी मी पेपरच्या कचेरीत बेसण्याची, लोक सांत्वनाला येऊन बसतात त्या बैठकीची, जाहिरात द्यायला गेले. आपल्याकडे तेरावा, पण बडोद्यात राहून बेसणंही आपल्याला लागलं, लोक त्याच्याच वेळेची वाट बघतात. काउंटरवरच्या माणसाने फोटो घेतला, नाव लिहिलं आणि नावाआधीच्या जागेवर पेन थांबवून विचारलं, "बेन, आगळ शुं लखुं? प्रेमाळ? धर्मपरायण? बधा लखावे छे." मी म्हणाले, "नाम अने समय. बस." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बा माटे एक शब्द तो लखावो, बेन." मी नको म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी मामा पेपर हातात घेऊन म्हणाला, "अगं, नुसतं नाव? परक्या बाईसारखं वाटतं हे." मी म्हणाले, "घाईत राहून गेलं, मामा." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. शोकसभेत मंडळाच्या लोकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हाही मी उठले नाही, आणि सगळ्यांना ते दुःखामुळे वाटलं.

घाई नव्हती, आई. मी त्या काउंटरपाशी बराच वेळ उभी होते, मागे कोणीही नव्हतं. आणि शब्द सुचला होता. गोड नव्हता, खरा होता, आणि शिवाय चांगला होता. तुला तो छापलेला बघायला आवडला असता. हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच मी तो दिला नाही.